नऊ धावा राहून गेल्या : भाऊसाहेब निंबाळकर

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची सर्वांत मोठी खेळी कोणाची, असे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण सचिन किंवा सेहवागचे नाव घेतील. ती खेळी आहे नाबाद ४४३ धावांची, आणि ती करणारे भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात झाला. बंधू रावसाहेब हेही प्रथम श्रेणीचे खेळाडू. भाऊसाहेब बडोदा, होळकर, महाराष्ट्र, रेल्वे अशा अनेक संघांकडून खेळले. फलंदाजी तर करतच, गरज पडेल तेव्हा गोलंदाजीही करत.

डिसेंबर १९४८. हैदराबाद संस्थान भारतात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. आपल्या कल्याणात त्या वेळी क्रिकेटची चर्चा फारशी असेल असे वाटत नाही. तिकडे पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर रणजी सामना चालू होता, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग भाऊसाहेब आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ धावा करून बाद झाले, भाऊसाहेब खेळतच राहिले. गणिताची आवड असणाऱ्यांनी पाहावे : सबंध काठेवाड संघापेक्षा त्यांनी एकट्याने जितक्या जास्त धावा केल्या, तितक्याच भांडारकरांच्या होत्या!

तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाले तेव्हा फलकावर ४ बाद ८२६ धावा होत्या. आघाडी ५८८ धावांची. भाऊसाहेबांनी ४९४ मिनिटांत ४९ चौकार व १ षटकार मारले होते. म्हणजे २४१ धावा पळून काढलेल्या. ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनीत केलेल्या नाबाद ४५२ धावांच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करायला फक्त ९ धावा हव्या होत्या.

काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्याच संघाविरुद्ध जागतिक विक्रम झाल्याची नोंद त्यांना नको होती. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी चाललो, असा त्यांचा पवित्रा होता. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांनी थोडीच षटके मागितली, पण उपयोग झाला नाही. काठेवाडने सामना सोडला आणि संघ निघून गेला.

मधल्या सुट्टीत हरायला लागल्यावर बॅट आमची आहे म्हणून घरी निघणारे वीर आपल्या मैदानावरही आहेत. तरीही आम्हाला ठाकोरसाहेबांची बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. ५८८ धावांनी पुढे असताना आणखी धावा कशासाठी? सामना तर केव्हाच हातात आला होता. दीड दिवसाहून अधिक काळ उन्हात चेंडूमागे धावणाऱ्यांना ती खेळी कशी वाटली असेल, हेही मनात आणावे. पण हरणे निश्चित असतानाही आणखी दोन-चार षटके मैदानात उभे राहिले असते, तर काठेवाडची आठवण लोकांनी आदराने काढली असती. जी नोंद टाळायची होती ती टळलीच नाही. उलट सामना सोडून गेलेला संघ म्हणून ते नाव कायमचे राहिले. नुकसान मात्र झाले ते ज्याचा या वादाशी काही संबंध नव्हता, त्या फलंदाजाचे.

पुढे ब्रॅडमन यांचा विक्रम १९५९ साली हनीफ महंमद यांनी ४९९ धावा करून मोडला, आणि १९९४ साली ब्रायन लारा ५०१ वर पोहोचला. भाऊसाहेब १९६० नंतरही काही वर्षे रणजी खेळत राहिले. २००२ साली त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉने आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या, तेव्हा रणजीच्या यादीत त्याचे नाव दुसऱ्या क्रमांकावर लिहिले गेले. पहिल्या क्रमांकावर भाऊसाहेबांचे ४४३ तसेच आहेत, पुढे नाबादची खूण असलेले.