जिल्हा कौन्सिलातले भाऊसाहेब

स्मरणिकेसाठी एका थोर पुरुषाचे चरित्र हवे, असे मंडळाच्या बैठकीत ठरले व ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा दूरचे कोणी न घेता मी आपल्याच जिल्ह्यातले डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख घेतले आहेत.

दिल्लीचे कृषिमंत्री म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. मला मात्र त्यांची जिल्हा कौन्सिलातली दोन वर्षेच अधिक मोलाची वाटतात.

पापळ या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. पुढे विलायतेत जाऊन ते बॅरिस्टर झाले, वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले आणि १९२६ साली परत आले. दुसऱ्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी सत्याग्रह केला. त्याच साली मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी जातीबाहेर विवाह केला. त्या काळी हे सोपे नव्हते.

१९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. एवढा शिकलेला माणूस गावोगावच्या शाळा आणि विहिरी पाहू लागला! सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहिरीची गोष्ट आपण बायकांनाच नीट कळते. आपला हा खारपाण पट्टा. गोड्या पाण्याची विहीर आधीच दुर्मिळ. त्यात रिकामी घागर घेऊन लांब उभे राहायचे आणि कोणी वरून पाणी ओतील तेव्हा ती भरायची, हे हाल कितीतरी बायांनी पिढ्यान् पिढ्या सोसले. तसेच प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यासाठी शिक्षणकर वाढविला. कर वाढविणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते सांगायला नको.

१९३० साली ते प्रांताच्या विधिमंडळात गेले व नागपूरला शिक्षण, शेती वगैरे खात्यांचे मंत्री झाले. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा त्यांच्याच खटपटीचा. घटना समितीतही ते होते. १९५२ ते १९६२ दिल्लीत मंत्रिपद सांभाळले. परंतु शाळेचा ध्यास सुटला नाही. १९३२ साली स्थापलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था त्याचीच साक्ष. आपल्या दर्यापूरचे जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय याच संस्थेचे. आपल्या गल्लीतल्या मुली तेथे जातात, तेव्हा मी दारातून बघत राहते. मला सातवीनंतर घरी बसविले होते.

भाऊसाहेब १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत वारले. विमलाबाईंनी संसार करता करता बी. ए. आणि वकिलीची परीक्षा दिली होती. १९६७ साली त्या राज्यसभेच्या सभासद झाल्या.