विश्लेषण : नागपूरचे दगड जगापुढे नेणारे हिस्लॉप कोण होते?

नागपुरात ‘हिस्लॉप’ म्हटले की सिव्हिल लाइन्समधले कॉलेज आठवते. पण ज्यांच्या नावाने हे कॉलेज ओळखले जाते ते स्टीफन हिस्लॉप कॉलेज सुरू होण्याच्या २० वर्षे आधीच वारले होते. पेशाने ते मिशनरी होते. भूविज्ञानात मात्र त्यांचे नाव राहिले ते वेगळ्याच कारणाने. नागपूरच्या आसपासचे खडक, त्यांतले जीवाश्म आणि कोळशाचे थर यांची पहिली नीट मांडणी त्यांनी केली, तीही फावल्या वेळात.

हिस्लॉप नागपुरात कसे आले?

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या छोट्या गावातला. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि फ्री चर्च वेगळे झाले. हिस्लॉप या नव्या चर्चचे मिशनरी म्हणून पत्नी इरॅस्मा यांच्यासह १८४४ च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कामठीच्या छावणीत पोहोचले. नागपूर तेव्हा तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या राज्यात होते. मिशनऱ्यांना तेथे मोकळे रान नव्हते. हिस्लॉप मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही निसर्गाची आवड होती.

हिवाळ्यात मिशनचे दौरे निघत. गावोगाव प्रवचने, पुस्तकांची विक्री असा कार्यक्रम असे. बैलगाडीच्या वाटेवर नाला लागला की हिस्लॉप काठावरचे थर बघत. भूविज्ञानाचे सगळे काम अशा दौऱ्यांतून आणि संध्याकाळच्या फेरफटक्यांतून झाले, हे ध्यानात घेतले की त्याचा आवाका अधिकच थक्क करतो.

टाकळीत काय सापडले?

१८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेकडील टाकळीच्या परिसरात फिरताना हिस्लॉप आणि हंटर यांना काळ्या खडकाच्या, म्हणजे डेक्कन ट्रॅपच्या, दोन थरांमध्ये एक पातळ वेगळा थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख होते. शोध घेतल्यावर फळे, बिया, लाकडाचे तुकडे, अगदी भुंग्यांचे कठीण पंखसुद्धा मिळाले.

याचा अर्थ आज आपण असा लावतो : लाव्हाचा एक लोंढा येऊन थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडे वाढली, जीव वसले आणि नंतरच्या लोंढ्याने ते सगळे गाडले. महाराष्ट्राचे पठार एका दमात तयार झाले नाही, याची साक्ष हे मधले थर देतात.

याच सुमारास, १८५१ मध्येच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना झाली. म्हणजे सरकारी खाते बाळसे धरत होते, तेव्हा नागपुरात दोन मिशनरी स्वतःच्या हौसेने संग्रह जमवत होते. त्यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला. तोवर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले होते. त्याच वर्षी प्रकृतीमुळे हंटर मायदेशी परतले. पुढचे काम हिस्लॉप यांनी एकट्यानेच रेटले.

मांगली आणि सिलेवाडा महत्त्वाचे का?

नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर असलेल्या मांगलीच्या वालुकाश्मात एका प्राचीन उभयचर प्राण्याची रुंद, चपटी कवटी मिळाली. ती लंडनला गेली. डायनासोर हा शब्द रूढ करणारे रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून प्राण्याला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले.

सिलेवाडा, भरतवाडा, कामठी या भागांतून वनस्पतींचे ठसे मिळाले. त्यांत जिभेच्या आकाराची ‘ग्लॉसॉप्टेरिस’ची पाने होती. चार्ल्स बनबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये या संग्रहावर लिहिले. आज सिलेवाडा हे नाव कोळसा खाणीमुळे माहीत असते. तिथल्या कोळशाचा आणि या पानांचा काळ एकच कुळातला. कामठीचे नाव तर खडकांच्या एका संपूर्ण गटालाच मिळाले आहे.

त्यांचे निष्कर्ष बरोबर होते का?

सगळे नाही. नागपूरकडील कोळशाचे थर ज्युरासिक काळाचे असावेत, असा त्यांचा कल होता. प्रत्यक्षात ते पर्मियन काळाचे, म्हणजे आणखी कितीतरी जुने निघाले. टाकळीच्या थरांना ते टर्शरी काळातले मानत. आता ते डायनासोर युगाच्या शेवटाजवळचे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. युरोपातील जीवाश्मांशी तुलना करूनच वय ठरवायचे, एवढाच मार्ग तेव्हा उपलब्ध होता. इथली झाडे मात्र युरोपातल्या झाडांसारखी नव्हती. चुकीचे मूळ तिथे होते.

याच वेगळेपणाला पुढे मोठा अर्थ आला. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये या खडकांसाठी गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवाना’ हे नाव सुचवले. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी त्यावरून एका जुन्या महाखंडाला ‘गोंडवानालँड’ म्हटले. १९१२ मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हा सिद्धांत मांडला, तेव्हा भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सापडणारे ग्लॉसॉप्टेरिस हा महत्त्वाचा पुरावा ठरला. अंटार्क्टिकात मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीजवळही याच पानांचे दगड होते. हिस्लॉप यांना यातले काहीच माहीत असणे शक्य नव्हते. त्यांनी दगड जपून ठेवले, जागा नोंदवल्या आणि जाणकारांकडे पाठवले. वयाचा अंदाज चुकला तरी ते नमुने कामी आले.

दगडांपलीकडे काय?

गोंड आणि इतर आदिवासींची भाषा, चालीरीती, लिंगोची गाथा यांची टिपणे त्यांनी केली होती. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांनी ती हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, संपादित करून छापली. गोंड संस्कृतीच्या अभ्यासकांना ती आजही चाळावी लागतात. मिशनऱ्याच्या नजरेने लिहिलेली आहेत, हे धरूनच ती वाचावीत. शिवाय गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म जीवाला ‘हिस्लोपिया’, तर एका हिरवट खनिजाला ‘हिस्लोपाइट’ हे नाव मिळाले. खनिजशास्त्राने ते दुसरे नाव पुढे फारसे ठेवले नाही.

मृत्यू कसा झाला?

बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथे दगडांची जुनी वर्तुळे आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टेम्पल यांच्यासोबत ती पाहायला गेले. परतताना ते गावची शाळा तपासण्यासाठी मागे थांबले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावर निघाले. पावसाळ्याचे दिवस, वाटेत फुगलेला नाला. छावणीत घोडा आला, स्वार आला नाही. शोध घेतला तेव्हा पाण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

त्यांच्या शाळेच्या कामातून पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. टाकळघाटच्या वर्तुळांना मात्र शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा येथे उत्खनन केले. लोहयुगातील माणसांची मडकी आणि लोखंडी हत्यारे तिथून बाहेर आली.