शिक्षकांचे शिक्षक : हॅरॉल्ड पामर

शंभर वर्षांपूर्वी जपानच्या शाळांत इंग्रजीचा तास म्हणजे भाषांतराचा तास असे. शिक्षक इंग्रजी वाक्य वाचत, शब्दांचे अर्थ सांगत आणि त्याचे जपानी भाषांतर करून देत. मुले ते उतरवून घेत. त्यांना पुस्तक कळे, पण चार वाक्ये बोलायची वेळ आली की तोंड उघडत नसे. शिक्षकांचा तरी काय दोष? तेही असेच शिकले होते.

हे चित्र बदलावे म्हणून १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याने लंडनहून एक सल्लागार बोलावले. त्यांचे नाव हॅरॉल्ड पामर.

पामर यांचा जन्म १८७७ साली लंडनमध्ये झाला. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. काही काळ त्यांनी वडिलांच्या वर्तमानपत्रात काम केले. १९०२ मध्ये ते बेल्जियमला गेले आणि तेथे इंग्रजी शिकवू लागले. शिकवता शिकवताच ते भाषेच्या अध्यापनाचा अभ्यास करत गेले. १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले, तेव्हा त्यांना कुटुंबासह मायदेशी परतावे लागले. पुढे ते लंडनच्या विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले.

१९२३ साली टोकियोत इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था निघाली. पामर तिचे संचालक झाले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला मोठा भूकंप होऊन टोकियो उद्ध्वस्त झाले. तरीही १९२४ पासून संस्थेने दरवर्षी शिक्षकांचे संमेलन भरवले.

या संमेलनांत नुसती भाषणे होत नसत. एखादा शिक्षक खऱ्या विद्यार्थ्यांचा तास घेई, बाकीचे शिक्षक तो पाहत आणि मग चर्चा होई. इतक्या जाणकारांसमोर शिकवायचे म्हणजे शिक्षकाचीच परीक्षा! पामर स्वतःही असे तास घेत. उठा, दार उघडा, पुस्तक टेबलावर ठेवा, अशा आज्ञा ते इंग्रजीत देत. मुलांनी आधी ऐकायचे आणि तसे करून दाखवायचे; बोलणे नंतर. लहान मूल आईची भाषा अशीच शिकते, असे पामर मानत.

पण अडचणी होत्याच. वर्ग मोठे होते. प्रवेशपरीक्षेत भाषांतर विचारले जाई. स्वतः अडखळत बोलणारा शिक्षक मुलांपुढे बोलायला कचरे. पामर यांनी या तक्रारी ऐकल्या. पुढे त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली सोपी वाचनपुस्तकेही तयार केली. बाहेरून आलेल्या सल्लागाराने असे ऐकून घेणे, हे मला त्यांच्या पद्धतीपेक्षाही मोठे वाटते. १९३३ च्या संमेलनात फुकुशिमाच्या एका शाळेतील शिक्षकांनी ही पद्धत आपल्या वर्गाला जुळवून घेऊन दाखवली.

१९३६ मध्ये पामर इंग्लंडला परतले. दुसऱ्या महायुद्धात जपान व इंग्लंड एकमेकांचे शत्रू झाले. त्याच युद्धात पामर यांचा मुलगा मारला गेला. १९४९ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम ए. एस. हॉर्नबी या सहकाऱ्याने पुढे नेले. हॉर्नबी व त्यांच्या दोन साथीदारांनी परभाषक विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. युद्धानंतर तो ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. शाळेच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा जाडजूड कोश असेल, तर त्यावर हॉर्नबींचे नाव शोधून पाहा.