लॉरेन्स स्पेरी आणि हरवलेले विमान

भरकटलेला, कोसळलेला किंवा संपर्क तुटून दिसेनासा झालेला ड्रोन ही आजकालची बातमी. पण असे अपघात विमानाला ‘ड्रोन’ म्हणण्याच्याही आधीपासून घडत आले आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चालकाविना उडणाऱ्या विमानाचे प्रयोग झाले, तेव्हाच त्यांची सुरुवात झाली. त्या प्रयोगांच्या केंद्रस्थानी होते तरुण वैमानिक आणि संशोधक लॉरेन्स स्पेरी.

स्पेरी यांचा जन्म २१ डिसेंबर १८९२ रोजी शिकागो येथे झाला. वडील एल्मर स्पेरी हे जायरोस्कोपचा व्यावहारिक वापर करणारे नामवंत संशोधक. जहाजांसाठी त्यांनी जायरो-होकायंत्र तयार केले होते. जायरोस्कोप म्हणजे चौकटीत बसवलेला, अतिशय वेगाने फिरणारा भोवरा. फिरता भोवरा सहजासहजी आपली दिशा सोडत नाही. त्यामुळे त्याच्याशी तुलना करून जहाज किंवा विमान किती कलले आहे, हे कळू शकते.

वैमानिकांना अशा साधनाची फार गरज होती. आपल्या कानाच्या आतील भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि वळल्याची जाणीव होते. मात्र विमान हळूहळू आणि एकसारखे वळत राहिले, तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला मग विमान सरळ आहे असेच वाटत राहते. भोवऱ्याची अशी फसगत होत नाही.

लॉरेन्स यांनी जायरोस्कोपची जोड विमानाच्या सुकाणूंना दिली. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर झालेल्या विमान सुरक्षा स्पर्धेत त्यांनी हे यंत्र दाखवले. परीक्षकांसमोरून जाताना त्यांनी दोन्ही हात वर केले. पुढच्या फेरीत त्यांचा फ्रेंच मेकॅनिक पंखावर चालत गेला. एका बाजूला वजन वाढूनही विमान कलले नाही. ५० हजार फ्रँकचे बक्षीस त्यांना मिळाले. आजच्या ऑटोपायलटची ही सुरुवात होती.

विमान स्वतःहून सरळ उडत असेल, तर चालक हवाच कशाला? १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर नौदलाने याच कल्पनेसाठी पैसा दिला. स्फोटके घेऊन ठरावीक अंतर कापायचे आणि लक्ष्यावर कोसळायचे, असे हे विमान होते. दिशा जायरोस्कोप सांभाळणार, उंची हवेच्या दाबावरून ठरणार आणि अंतर मोजणारी वेगळी यंत्रणा योग्य वेळी विमान खाली आणणार, अशी रचना होती.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९१७ च्या अखेरीस झालेल्या चाचण्या एकामागून एक फसल्या. दोष स्वयंचलित यंत्रणेचा, प्रक्षेपणाचा की मूळ विमानाचाच, हे कळेना. कारण हे विमान कोणी माणसाने कधी उडवलेच नव्हते. तेव्हा स्पेरी यांनी त्यात आसन आणि हाताने चालवायचा दांडा बसवून घेतला आणि चाचणीसाठी स्वतः बसले. बर्फामुळे एक विमान मोडले. पुढे एका उड्डाणात स्वयंचलित यंत्रणा सुरू करताच विमान पूर्ण उलटले. स्पेरी यांनी ते कसेबसे सावरले. त्यानंतर त्यांच्या गटाने विमान मोटारीच्या टपावर बसवून रस्त्यावरून भरधाव नेले आणि यंत्रणा जुळवून घेतली.

६ मार्च १९१८ रोजी विमान सुटले, स्थिर उडाले आणि ठरवल्याप्रमाणे सुमारे ९०० मीटरवर पाण्यात उतरले. मात्र ते यश पुन्हा हाती लागेना. मग १७ ऑक्टोबरला दुसऱ्या प्रकारचे, ‘एन-९’ विमान चालकाविना सोडण्यात आले. ते व्यवस्थित वर चढले आणि दिशेतही जवळजवळ चुकले नाही. सुमारे १३ किलोमीटरनंतर ते खाली यायला हवे होते. पण अंतराची यंत्रणा बिघडली. साधारण ४ हजार फुटांवरून पूर्वेकडे जाताना ते शेवटचे दिसले. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. सरळ उडण्यात ते यशस्वी झाले होते. थांबणे तेवढे त्याला जमले नाही. महिनाभरात युद्धच संपले.

स्पेरी यांनी पुढे ‘मेसेंजर’ हे छोटे विमान बांधले. १३ डिसेंबर १९२३ रोजी ते त्याच विमानातून एकटे इंग्लिश खाडी ओलांडायला निघाले. वाटेत विमान पाण्यात उतरवावे लागले. विमान सापडले, पण स्पेरी त्यात नव्हते. त्यांचा मृतदेह पुढच्या जानेवारीत मिळाला. मृत्यूच्या वेळी त्यांना एकतिसावे वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते.

आजच्या ड्रोनमध्ये फिरत्या भोवऱ्याच्या जागी सिलिकॉनचे सूक्ष्म कंप पावणारे भाग असतात. उंचीसाठी हवेचा दाब आजही मोजला जातो. अंतर आणि जागा उपग्रहांवरून कळते. तरीही पंख्यांच्या थरथरीने जायरोस्कोप गोंधळतो, लोखंडी बांधकामाजवळ होकायंत्र चुकते आणि उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत अडतात. म्हणूनच संपर्क तुटल्यास ड्रोनने आपोआप परतावे, ठरलेली हद्द ओलांडू नये, अशा सोयी त्यात केल्या जातात. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही अशा हद्दबंदीचा उल्लेख आहे. उड्डाणापूर्वी होकायंत्र जुळवणे आणि परतीची जागा नोंदली गेली आहे ना, हे पाहणे एखाद्या मिनिटाचे काम आहे. ड्रोन नुसता स्थिर उडतो, म्हणजे तो सुरक्षित आहे असे नाही.