सार्वजनिक काका आणि लवादाचे न्यायासन

कै. गणेश वासुदेव जोशी यांचे नाव आजच्या तरुण पिढीस फारसे परिचित नाही, आणि ज्यांस आहे त्यांतील कित्येक त्यांची गल्लत गणेश व्यंकटेश जोशी या अर्थशास्त्रज्ञाशी करतात. हे दुसरे जोशी आमच्याप्रमाणेच शिक्षकी पेशातील असल्याने ही गल्लत आम्हांस क्षम्य वाटते. परंतु ज्यांस अवघे पुणे ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखीत असे ते पहिले जोशी होत, आणि त्यांचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांनी या दिवसांत अवश्य अभ्यासावे असे आम्हांस वाटते.

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. पुण्यास येऊन त्यांनी प्रथम नाझरच्या कचेरीत नोकरी केली व ती सुटल्यावर वकिलीचा व्यवसाय पत्करला. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. त्यांची दाद लावण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभेचा जन्म झाला. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम होता. लोकांच्या वतीने बोलावयाचे तर लोकांनी तसा अधिकार लेखी दिला पाहिजे, हा वकिली काटेकोरपणा त्यात स्पष्ट दिसतो. १८७२च्या जानेवारीत काकांनी स्वदेशी सुताचेच कापड वापरण्याचे व्रत घेतले, व १८७७च्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधी म्हणून ते त्याच जाड्याभरड्या वेषात गेले. या गोष्टी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या लवाद कोर्टाविषयी.

त्या काळी कुणब्याची स्थिती काय होती? १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्यास तीनच वर्षांची मुदत राहिली. तेव्हा सावकार मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई किंवा सरळ दावा ठोकी. कुळास वाचता येत नसे. तालुक्याच्या कोर्टात जावयाचे तर पेरणी बुडे, स्टँपास पैसा लागे, वकिलास निराळा. पुष्कळ दावे प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी निकाली निघत. अखेर १२ मे १८७५ रोजी सुपे येथे कुळांनी उठाव करून सावकारांची दप्तरे जाळली आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले.

अशा परिस्थितीत काकांनी पुण्यात लवाद कोर्ट काढण्याची चळवळ हाती घेतली. उभय पक्षांनी आपखुषीने लेखी संमती द्यावी, दोघांचा विश्वास असलेल्या पंचांपुढे आपली बाजू मांडावी, आणि पंचांचा निवाडा मानावा, अशी ही पद्धत. ती कायद्याबाहेरची नव्हती. १८५९च्या दिवाणी कार्यसंहितेत लवादाच्या निवाड्यास जागा होती. खाजगी निवाडाही कोर्टात दाखल करता येत असे. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. काका स्वतः वकील होते. तंटे जितके अधिक तितकी वकिलाची मिळकत अधिक. तेव्हा पक्षकारांना कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीच समेटाकडे वळविणे म्हणजे स्वतःच्या चुलीतील लाकूड बाहेर ओढणे होते.

हेच काका प्रसंगी कोर्टात ठामपणे उभे राहात. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा सरकारची वक्रदृष्टी होईल हे जाणूनही काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लवाद कोठे योग्य व न्यायासन कोठे आवश्यक, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

त्याच १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात दावा लावण्यापूर्वी समेट घडविणाऱ्या मध्यस्थापुढे जाण्याची तरतूद होती, आणि रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. हा कायदा पुणे जिल्ह्यास लागू असल्याने आपले हवेली व खेड हे तालुकेही त्यात आले. आज जेथे चिंचवडचे व चाकणचे कारखाने उभे आहेत त्या शिवारातील कुळांसही त्याचा आधार होता.

आता सावकार गेला, पण तंटा राहिला. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली, पुढे औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि ज्या जमिनीत बाजरी होई तिचा हिशेब गुंठ्यावर आला. बांधाचा वाद पूर्वी भांडणावर मिटे. आता तो सातबाऱ्यावरून दिवाणी कोर्टात जातो आणि भावाभावांचे येणेजाणे तुटते. आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांनी अशा घरी जाऊन बसावे, हे आम्ही आग्रहाने म्हणतो. मात्र मध्यस्थ हा न्यायाधीश नव्हे. लवाद निवाडा देतो. मध्यस्थ उभयतांस बोलते करतो, निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावयाचा. ज्ञातीच्या नावाने कोणावर निर्णय लादणे, न मानणाऱ्यास वाळीत टाकणे, हा महाराष्ट्रात २०१६च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो तसा असणे योग्यच आहे. तसेच समेटाच्या गोड नावाखाली बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस मुळीच मान्य नाही. २००५च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा आहे. तिला बैठकीस बोलावलेच नाही तर तो समेट कसला?

घरचा समेट झाल्यावर तो कागदावर आणून लोकअदालतीपुढे ठेवता येतो. १९८७च्या कायद्यान्वये तेथील निवाड्यास दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्याचे बळ आहे व त्यावर अपील नाही. दावा अगोदरच चालू असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा लावलेला नसला तरी प्रकरण घेतले जाते. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. काकांच्या लवाद कोर्टास असा सरकारी टेकू नव्हता.

२५ जुलै १८८० रोजी काका वारले; वय अवघे ५२ वर्षांचे. त्यांची सभा पुढे चालली, परंतु लवाद कोर्टांनी फार काळ मूळ धरले नाही. आम्हांस त्याचे कारण असे दिसते की, पंचांपुढे येण्याची सक्ती कोणावर नव्हती; लोक येत ते माणसावरील विश्वासाने, आणि तो माणूस गेला.