जुहूच्या चिखलावर विमान उतरवणारे जेआरडी

करंजा : नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उरण-पनवेल पट्ट्यात पोरांच्या तोंडी विमानाच्याच गप्पा आहेत. पायलट व्हायचं म्हणणाऱ्यांनी जेआरडी टाटांची गोष्ट जरूर वाचावी.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब समुद्रकाठी जायचं. शेजारी विमानवीर ब्लेरिओ यांचं घर होतं. तिथल्या वाळूवर विमान उतरताना बघून या पोराला उडायचा नाद लागला.

मुंबईत फ्लाइंग क्लब निघाल्यावर ते तिथे शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. क्रमांक १!

छोट्या विमानात नवशिक्याची खरी परीक्षा उतरतानाच होते. भर समुद्रात होडी हाकणं वेगळं आणि जोराच्या वाऱ्यात ती धक्क्याला लावणं वेगळं, तसंच हे. वेग जास्त राहिला तर विमान जमिनीवर आपटून उसळतं. फार कमी केला तर पंखांना हवा धरत नाही आणि विमान खाली कोसळतं. आडवा वारा असला तर पट्टी सोडून बाजूला जातं. जमत नाही असं दिसलं, तर हट्ट न करता परत वर जाऊन दुसरी फेरी मारायची, हाच शहाणपणा.

१९३० मध्ये भारत-इंग्लंड एकट्याने उडण्याची आगाखान स्पर्धा झाली. वाटेत इजिप्तमध्ये १७ वर्षांचा स्पर्धक अस्पी इंजिनिअर प्लगसाठी अडकला होता. जेआरडींनी स्वतःजवळचे जादा प्लग त्याला दिले. स्पर्धा अस्पीने जिंकली. तोच पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टपाल घेऊन कराचीहून एकटेच निघाले. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून. रेडिओ नाही, पक्की धावपट्टी नाही. दुपारी जुहूच्या मोकळ्या मैदानात ते सुखरूप उतरले. पावसाळ्यात तिथे नुसता चिखल व्हायचा, म्हणून चार महिने विमानं पुण्याला न्यावी लागायची. याच टपालसेवेची पुढे एअर इंडिया झाली.

१९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास छोट्या विमानातून पुन्हा केला आणि जुहूलाच विमान उतरवलं. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

परवाना हातात आला म्हणजे शिकणं संपलं असं नाही. पहिल्या क्रमांकाच्या परवान्यानंतरही जेआरडी पन्नास वर्षांहून जास्त काळ उडत राहिले.