बीपी आणि किडनीचं कोडं सोडवणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरचे आजोबा पाटण्याचे होते

घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल तर हा वाद तुम्ही ऐकलाच असेल. चक्कर येत नाही, डोकं दुखत नाही, मग बीपीची गोळी रोज कशाला घ्यायची? वर शेजारचे काका सांगून जातात की वय झालं की बीपी थोडं वाढणारच, त्यात काय एवढं.

आता गंमत बघा. त्रास नसला तरी वाढलेला दाब आतल्या आत किडनी खराब करत असतो, हे साधारण दीडशे वर्षांपूर्वी एका पंचविशीतल्या डॉक्टरने ओळखलं होतं. तेही दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं मशीन जन्माला येण्याआधी.

त्याचं नाव फ्रेडरिक अकबर मोहम्मद.

नावातल्या अकबर आणि मोहम्मदचा शोध घेत गेलं की आपण थेट पाटण्यात पोहोचतो. त्याचे आजोबा म्हणजे शेख दीन मोहम्मद. १७५९ ला पाटण्यात जन्म, मग ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी आणि तिथून थेट आयर्लंड. १७९४ मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये भारतीय जेवणाचं हॉटेल काढलं. ते काही चाललं नाही. मग गडी समुद्रकाठच्या ब्रायटनला गेला आणि तिथे वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. ही चंपी इतकी गाजली की इंग्लंडच्या राजाने त्यांना आपल्याकडे नेमलं. आज आपण ज्याला शॅम्पू म्हणतो, तो शब्द या चंपीवरूनच आला. २०१९ मध्ये गुगलने त्यांच्यावर डूडलही केलं होतं.

आजोबांचे किस्से बऱ्याच जणांना माहीत आहेत. नातू मात्र मागे राहिला.

फ्रेडरिकचा जन्म १८४९ चा, ब्रायटनचाच. वडील तलवारबाजी, बॉक्सिंग आणि व्यायाम शिकवायचे. पोराने मात्र डॉक्टरकी निवडली आणि १८६९ मध्ये तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकायला आला.

आता हे हॉस्पिटल साधंसुधं नव्हतं. किडनीच्या आजाराची पहिली नीट ओळख इथेच झाली होती. इथल्या रिचर्ड ब्राइट नावाच्या डॉक्टरने १८२७ मध्ये दाखवून दिलं होतं की अंगाला सूज येणं, लघवीतून प्रोटीन जाणं आणि किडनी खराब होणं या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. त्या काळची तपासणीही भारी होती. चमच्यात लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं काही गोठलं, तर प्रोटीन जातंय असं समजायचं. या आजाराला नावच पडलं ब्राइट्स डिसीज.

ब्राइटने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. किडनीच्या आजाराने गेलेल्या अनेकांचं शवविच्छेदन केलं तेव्हा हृदय फुगलेलं दिसलं. त्याचा अंदाज असा होता की आधी किडनी बिघडते, त्यामुळे रक्त दूषित होतं, मग त्या रक्ताला बारीक नळ्यांतून ढकलताना हृदयाला जास्त जोर लावावा लागतो.

म्हणजे सुरुवात किडनीपासून. जवळपास सगळे डॉक्टर हेच धरून चालले होते.

फ्रेडरिक आला तेव्हा ब्राइटला जाऊन दहा वर्षं उलटली होती, पण हॉस्पिटलमध्ये त्याच्या नावाचा दबदबा कायम होता. आणि या पोराला वेड लागलं होतं नाडीचं.

तेव्हा स्फिग्मोग्राफ नावाचं एक यंत्र होतं. मनगटावरच्या नाडीवर ते बसवायचं, नाडी उडाली की त्यातली काडी हलायची आणि काजळी लावलेल्या कागदावर नाडीची रेघ उमटायची. मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते गाजवलं होतं. पण नाडीवर यंत्र किती जोराने दाबलंय हे त्यात मोजता येत नव्हतं. फ्रेडरिकने ते मोजायची सोय केली. त्यामुळे रक्ताचा दाब कमी आहे की जास्त, याचा आकड्यात अंदाज घेता येऊ लागला. विद्यार्थी असतानाच त्याला या कामासाठी बक्षीस मिळालं.

मग तो लंडन फीवर हॉस्पिटलमध्ये लागला. तिथे स्कार्लेट फीवरचे पेशंट असायचे. हा ताप उतरल्यावर काही जणांच्या किडनीला सूज यायची. फ्रेडरिक रोज त्यांची लघवी तपासायचा आणि नाडीची रेघ काढायचा.

आणि इथे त्याला खरी गोष्ट सापडली.

काही पेशंटमध्ये नाडीचा ताण आधी वाढत होता. लघवीत प्रोटीन त्यानंतर दिसत होतं. १८७४ मध्ये त्याने हे छापलं. लघवीत प्रोटीन दिसण्याआधीही आजाराची एक पायरी असते आणि ती नाडीत पकडता येते, असं त्याचं म्हणणं होतं.

पुढे गाय्जमध्ये परत आल्यावर त्याने तिथल्या नोंदी आणि शवविच्छेदनं तपासली. किडनी आक्रसलेली, हृदय फुगलेलं, रक्तवाहिन्या जाड झालेल्या, पण जिवंतपणी लघवीत प्रोटीन नव्हतंच, असे पेशंट त्यात निघाले. शिवाय वरवर ठणठणीत असलेल्या, कामधंदा करणाऱ्या माणसांच्या नाडीतही त्याला हा वाढलेला ताण दिसला. त्याचा निष्कर्ष असा होता की काहींच्या बाबतीत हा ताण तरुणपणापासून सोबत असतो. माणसाला पत्ता नसतो. वय वाढतं तसा तो कधी मेंदूतल्या रक्तस्रावाच्या रूपाने बाहेर पडतो, कधी हृदयाच्या, तर कधी किडनीच्या.

थोडक्यात, त्याने ब्राइटची साखळी उलटी लावली. अनेकांमध्ये दाब आधी येतो, किडनी नंतर जाते.

हे असं का होतं, ते आज आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे.

हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. थोडक्यात, किडनी हा रक्तवाहिन्यांचाच कारखाना आहे. तरुणपणी मोठ्या रक्तवाहिन्या रबरासारख्या लवचिक असतात. हृदयाचा प्रत्येक ठोका त्या झेलतात आणि पुढे रक्त सावकाश सोडतात. वय वाढलं की त्या कडक होतात. मग ठोक्याचा धक्का थेट बारीक गाळण्यांवर जातो. त्यात बीपी जास्त असेल तर बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते, गाळणीला रक्त पुरत नाही आणि ती हळूहळू बाद होते. बाद झालेली गाळणी परत तयार होत नाही.

ब्राइट पूर्ण चुकला होता असंही नाही. किडनी कमजोर झाली की शरीरात मीठ आणि पाणी साठतं, दाब वाढवणारी रसायनं सुटतात आणि बीपी आणखी चढतं. दाबाने किडनी जाते आणि किडनीने दाब वाढतो. त्यात डायबेटिस असेल तर हे चक्र आणखी जोरात फिरतं.

चाळिशीनंतर किडनीची गाळण्याची ताकद तशीही दरवर्षी थोडी थोडी कमी होते. पण राखीव ताकद भरपूर असल्यामुळे काहीच जाणवत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढलेलं दिसेपर्यंत अनेकदा निम्मी ताकद गेलेली असते. सूज, धाप, मळमळ या गोष्टी तर त्याच्याही नंतरच्या.

फ्रेडरिककडे परत येऊ. हा माणूस दमणारा नव्हता. लंडनमध्ये नोकरी करता करता त्याने केंब्रिजची डिग्री मिळवली. दिवसा लंडनमध्ये पेशंट तपासायचे आणि मुक्कामाला ट्रेनने केंब्रिज गाठायचं. १८८१ मध्ये डिग्री हातात आली. त्यानंतर ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या मदतीने त्याने देशभरातल्या डॉक्टरांकडून एकाच नमुन्यात पेशंटची माहिती गोळा करायची मोहीम चालवली. एका हॉस्पिटलच्या पेशंटवरून आजार कळत नाही, हजारो माणसांची माहिती एकत्र बघावी लागते, हा विचार तेव्हा नवा होता.

पण १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला टायफॉइडने गाठलं. वय होतं फक्त ३५.

त्याच्यामागे त्याचं कामही विस्मरणात गेलं. किडनीच्या आजाराला ब्राइटचं नाव कायम राहिलं. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोचीने दंडाला बांधायचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत दाखवली आणि नाडीची रेघ अडगळीत गेली. विसाव्या शतकाच्या शेवटी रक्तवाहिन्यांच्या कडकपणावर संशोधन वाढलं, तेव्हा नाडीची लाट पुन्हा महत्त्वाची ठरली आणि फ्रेडरिकचे जुने लेख पुन्हा उघडले गेले. वयस्कर माणसाच्या आणि बीपी असलेल्या माणसाच्या नाडीची रेघ कशी बदलते, हे त्याने तेव्हाच काढून ठेवलं होतं.

त्याच्या हातात नव्हतं ते औषध. खाणंपिणं सांभाळा, पोट साफ ठेवा, यापलीकडे त्याला फारसं काही देता येत नव्हतं. बीपीवर बिनधोक रोज घेता येईल अशी गोळी आली ती १९५० च्या दशकाच्या शेवटी.

आज ती गोळी घराघरात आहे आणि तपासण्याही अवघड नाहीत. बीपी नियमित मोजणं, वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासणं आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरून किडनीची ताकद, म्हणजे ईजीएफआर, काढणं. ईजीएफआर सलग तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. लघवीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून बीपीकडे दुर्लक्ष चालत नाही. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या पेनकिलर किडनीला भारी पडू शकतात. आणि वयस्कर माणसाचं बीपी फार खाली गेलं तर चक्कर येऊन पडायची भीती असते, त्यामुळे ते किती ठेवायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

त्यामुळे पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं की काही त्रास नाही तर गोळी कशाला, तर त्यांना सांगा की त्रास नसतो तेव्हाच गोळीचा खरा उपयोग असतो. त्रास सुरू होईपर्यंत बऱ्याच गाळण्या गेलेल्या असतात.